खर्ज धरणारे हात
(ब्लूज संगीतातील उभ्या बेसचे वादक आणि इतिहासाची नोंदवही)



एखाद्या शाळेने आपल्या संगीतशिक्षकाच्या स्मरणार्थ व्याख्यानमाला चालवावी, ही गोष्ट आपल्याकडे विरळाच. स्मारके बहुधा संस्थापकांची होतात, देणगीदारांची होतात. पेटीवर बसून दोन पिढ्यांच्या गळ्यांना सूर देणाऱ्या माणसाचे स्मारक सहसा होत नाही. ज्यांच्या नावाने ही माला गुंफली जाते, त्या गुरुजींना गवई म्हणून कोणी ओळखत नसे. ते साथ करीत. म्हणूनच या वर्षीचे व्याख्यान साथीदारांच्या इतिहासावर द्यावे, असे मी योजिले.

मी ज्या साथीदारांविषयी बोलणार आहे ते मात्र आपल्या माळव्यातले नाहीत. ते अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या काठचे, कापसाच्या मळ्यांतून शिकागोच्या कारखान्यांकडे गेलेल्या कृष्णवर्णीय समाजातले. ब्लूज हे त्या समाजाचे गाणे, आणि त्या गाण्याच्या तळाशी वाजणारा उभा बेस हे आजच्या विवेचनाचे वाद्य. गाणाऱ्यांची नावे जगाने पाठ केली. तळाशी खर्ज धरून उभे राहिलेले हात कोणाचे होते, हे शोधण्यासाठी मात्र संशोधकांना जुन्या नोंदवह्या धुंडाळाव्या लागल्या. तो शोध कसा लागला आणि तो का महत्त्वाचा आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

१

मराठीच्या प्राध्यापकाचा या विषयाशी संबंध काय, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. माझी वाट भाषाविज्ञानातून गेली. आर. एम. डब्ल्यू. डिक्सन या नावाच्या भाषाशास्त्रज्ञाने ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड प्रांतातील डिर्बल या आदिवासी भाषेचे व्याकरण लिहिले. ते १९७२ साली प्रसिद्ध झाले आणि भाषाविज्ञानाच्या अभ्यासकांना ते चांगले परिचित आहे. बोलणारे थोडेच उरलेल्या भाषेचे नियम या गृहस्थांनी एकेका वृद्धाच्या तोंडून ऐकून टिपून ठेवले. पुढे मला कळले की, याच गृहस्थांनी त्याआधी, १९६०च्या दशकात, जॉन गॉडरिच यांच्यासह एक वेगळाच ग्रंथ सिद्ध केला होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ब्लूज आणि धार्मिक गीतांच्या दुसऱ्या महायुद्धापर्यंतच्या ध्वनिमुद्रिकांची ती सूची होती. १९४३नंतरच्या मुद्रिकांची सूची पुढे माइक लेडबिटर आणि नील स्लेव्हन यांनी केली. ती १९६८ साली निघाली.

वरवर पाहता या सूच्या म्हणजे रुक्ष आकडे. गायकाचे नाव, गाव, तारीख, तबकडीचा क्रमांक. पण गायकाच्या नावाखाली साथीदारांची नावे आहेत. पियानो अमुक, गिटार तमुक, बेस अमुक. कित्येक ठिकाणी वाद्याचे नाव आहे आणि माणसाच्या जागी 'अज्ञात' एवढाच शब्द. हस्तलिखितांच्या अभ्यासात आयुष्य गेलेल्या माणसाला हा शब्द ओळखीचा असतो. पोथीच्या शेवटी लेखकूचे नाव असेल तर आपण हरखतो, नसेल तर हळहळतो. त्या 'अज्ञात' शब्दाने मला या विषयात ओढले.

२

आता थोडे गाण्याविषयी आणि वाद्याविषयी. ब्लूजचे कडवे सामान्यतः तीन ओळींचे असते. पहिली ओळ म्हणायची, तीच बहुतेक तशीच दुसऱ्यांदा म्हणायची आणि तिसऱ्या ओळीने तिला उत्तर द्यायचे. ओळीओळींमध्ये वाद्याला बोलायला जागा सोडायची. हे सारे बारा मापांत बसवलेले असते. आपल्या परिभाषेत सांगायचे तर पहिली चार मापे षड्जावर, पुढची दोन मध्यमावर, पुन्हा दोन षड्जावर. मग एक पंचमावर, एक मध्यमावर आणि शेवटची दोन पुन्हा षड्जावर. या प्रवासात गाणारा कोठे आहे हे त्याला आणि ऐकणाऱ्याला कळते ते बेसमुळे. तंबोरा एका जागी स्थिर राहून आधार देतो. बेस गाण्याबरोबर चालत आधार देतो आणि चालता चालता ठेकाही धरतो. तंबोरा आणि डग्गा यांचे काम एकाच वाद्याने करावे, तसे हे आहे.

हे वाद्य माणसाच्या उंचीहून मोठे असते. चार जाड तारा, प्रचंड लाकडी पोट. पाश्चात्त्य वाद्यवृंदात ते बहुधा गजाने वाजवतात. आपल्या जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदांतही गोव्याच्या वादकांनी ते वाजवले आहे. ब्लूजवाल्यांनी मात्र गज बाजूला ठेवला आणि बोटांनी तारा छेडल्या. तार ओढून सोडली की ती लाकडी पट्टीवर आपटते आणि सुराबरोबर 'टक्' असा आघात उमटतो. या रीतीला तिकडे 'स्लॅप' म्हणतात. ढोल नसला तरी ठेका चुकू नये, ही सोय त्यात आपोआप होते.

ज्यांना एवढे मोठे वाद्य परवडत नसे, त्यांनी घरच्या वस्तूंतून ते घडवले. धुण्याचा पत्र्याचा टब पालथा घालायचा, त्याला दोरी बांधायची, दोरीचे दुसरे टोक झाडूच्या काठीला. काठी मागेपुढे झुकवली की दोरी ताणली किंवा सैल होते आणि सूर बदलतो. आपल्या गोंधळ्याच्या, शाहिराच्या तुणतुण्याची ही दूरची भावंडेच म्हणायची. एक तार, एक पोकळ भांडे आणि एक काठी एवढ्यावर गाण्याला उभे करण्याची युक्ती गरिबांनी ठिकठिकाणी शोधून काढलेली दिसते.

३

या वादकांचा इतिहास एका विचित्र प्रसंगापासून सुरू करता येतो. बिल जॉन्सन हे न्यू ऑर्लिन्सच्या परंपरेतील फार जुने बेसवादक. आपला 'क्रिओल' वाद्यवृंद घेऊन ते विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कॅलिफोर्नियापासून पूर्वेपर्यंत फिरले. प्रवासात गज मोडला म्हणून त्यांनी बोटांनी वाजवायला सुरुवात केली आणि स्लॅपची रीत जन्मली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका म्हणूनच ती घ्यावी. पण ती त्यांच्याच नावाशी जोडली गेली, हे अर्थपूर्ण आहे. १९२३ साली किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदाने इंडियाना राज्यातील गेनेट कंपनीसाठी ध्वनिमुद्रण केले, तेव्हा जॉन्सन त्या वृंदात होते. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. वादकांनी एका मोठ्या कर्ण्यासमोर वाजवायचे आणि त्या कंपनांनी सुई मेणावर रेघ ओढायची. बेसचे खोल सूर त्या यंत्राला पेलत नसत. म्हणून जॉन्सन यांच्या हाती बँजो देण्यात आला. त्याच बैठकीतील 'डिपरमाउथ ब्लूज' या रचनेत मध्येच एक आरोळी ऐकू येते. ती जॉन्सन यांची. ज्यांचे वाद्य यंत्राला पकडता आले नाही, त्यांचा आवाज असा चोरपावलांनी तबकडीत शिरला.

१९२५पासून विजेचे ध्वनिमुद्रण आले आणि खर्जाला तबकडीत प्रवेश मिळाला. १९२८ साली जॉनी डॉड्स यांच्या मंडळीबरोबर जॉन्सन यांनी जी रचना वाजवली, तिचे नावच 'बुल फिडल ब्लूज' आहे. बुल फिडल म्हणजे हाच उभा बेस. पाच वर्षांपूर्वी दाराबाहेर ठेवलेल्या वाद्याचे नाव आता तबकडीच्या माथ्यावर छापले गेले. जॉन्सन दीर्घायुषी होते. त्यांचे निधन १९७२ साली झाले.

येथे मला एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. इतिहासातून माणसे गळतात त्याचे कारण नेहमी कोणाचा दुष्टावा असतोच असे नाही. कधी यंत्राची मर्यादा हेच कारण असते. कर्ण्याला जे ऐकू आले नाही ते पुढच्या पिढीच्या लेखी घडलेच नाही. आपल्या साधनांना काय ऐकू येत नाही, हा प्रश्न इतिहासकाराने म्हणूनच सतत जवळ बाळगला पाहिजे.

४

मिसिसिपी राज्यात नदीकाठी व्हिक्सबर्ग नावाचे गाव आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ साली झालेल्या वेढ्यामुळे ते इतिहासाच्या पुस्तकांत आले. मला ते वेगळ्या कारणाने लक्षणीय वाटते. जॅझमधील थोर बेसवादक मिल्ट हिंटन तेथे १९१० साली जन्मले, ब्लूजचे रॅन्सम नोलिंग तेथे १९१२ साली आणि विली डिक्सन तेथेच १९१५ साली. पाच वर्षांच्या अंतराने एका लहान गावाने तीन खर्जकार दिले आणि तिघेही शिकागोला येऊन पोहोचले. दक्षिणेतील वर्णद्वेषाला आणि दारिद्र्याला कंटाळून लक्षावधी कृष्णवर्णीय त्या काळात रेल्वेने उत्तरेकडे गेले. त्या स्थलांतराचा हा एक सुरेल पुरावा.

नोलिंग यांचे नाव आज अमेरिकेतही फार थोड्यांना ठाऊक असेल. न्यू ऑर्लिन्सच्या नृत्यवृंदांतून ते शिकागोला आले आणि ब्लूबर्ड कंपनीच्या ध्वनिमुद्रणांचे नित्याचे बेसवादक झाले. या कंपनीसाठी लेस्टर मेलरोज नावाचे निर्माते काम पाहत. त्यांची रीत अशी की, गायक बदलत, साथीदार बहुधा तेच राहत. त्यामुळे १९३०च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या दहा-बारा वर्षांतील शिकागोच्या ब्लूज तबकड्या एकामागून एक ऐकल्या की, गळे निरनिराळे आणि तळ मात्र ओळखीचा असा अनुभव येतो. तबकडीच्या कागदी चकतीवर गायकाचे नाव ठसठशीत असे. खाली बारीक अक्षरांत कोणकोणती वाद्ये आहेत हे पुष्कळदा छापीत. वाद्याला नाव होते, वादकाला नव्हते.

६ सप्टेंबर १९४६ रोजी शिकागोत आर्थर क्रूडप या गायकाने 'दॅट्स ऑल राइट' हे गीत मुद्रित केले. गिटार क्रूडप यांचीच, ढोल जज रायली यांचे आणि बेस नोलिंग यांचा. १९४९ साली आरसीए व्हिक्टर कंपनीने ४५ फेऱ्यांच्या लहान तबकड्या बाजारात आणल्या, तेव्हा कृष्णवर्णीय संगीताच्या मालिकेतील पहिली तबकडी म्हणून याच गीताची निवड झाली. ही मुद्रिका मी अनेकदा ऐकली आहे. क्रूडप यांची गिटार थोडी अडखळत चालते, कधी मापे कमी-अधिक होतात. पण नोलिंग यांचा बेस त्यांच्या मागून सावलीसारखा जातो, गायकाने वळण घेतले की तोही वळतो. चांगली साथ म्हणजे काय, हे मला त्या तीन मिनिटांत जेवढे स्पष्ट दिसले तेवढे क्वचितच दिसले असेल.

पुढची कथा जगजाहीर आहे. ५ जुलै १९५४ रोजी मेम्फिस शहरात सन स्टुडिओत एल्व्हिस प्रेस्ली नावाच्या एकोणीस वर्षांच्या गोऱ्या तरुणाने हेच गीत गायले. त्या मुद्रणात ढोल नव्हताच. स्कॉटी मूर यांची गिटार आणि बिल ब्लॅक यांचा उभा बेस. ढोलाची उणीव ब्लॅक यांनी तारा आपटून भरून काढली; ही रीत कृष्णवर्णीय वादकांनी कित्येक वर्षे घडवत आणलेली होती. रॉक-अँड-रोल म्हणून जगभर गेलेल्या संगीताचे हे एक उगमस्थान मानले जाते, आणि त्याच्या तळाशी उभा बेस आहे.

या प्रसंगाचा हिशेब मांडायचा झाला तर काय दिसते? क्रूडप यांना आपल्याच गीताचे स्वामित्वधन मिळवण्यासाठी वर्षानुवर्षे झगडावे लागले. हातातोंडाशी आलेली तडजोडही फिसकटली आणि १९७४ साली ते निर्धनावस्थेतच गेले. गीतकाराची ही स्थिती, तर त्या गीताला साथ करणाऱ्याला कोण विचारणार? साथीदाराला बैठकीचे ठरलेले पैसे मिळत. तबकडी पुढे किती खपली याच्याशी त्याचा संबंध उरत नसे. नोलिंग १९६७ साली निवर्तले. आणि हे केवळ वर्णाचे दुःख होते असे म्हणावे, तर गोरे बिल ब्लॅक यांचीही कथा फार वेगळी नाही. जगातल्या सर्वांत लोकप्रिय गायकाचे साथीदार असूनही अपुऱ्या मोबदल्यामुळे १९५७ साली त्यांनी आणि मूर यांनी राजीनामा दिला. वर्णाचा अन्याय खराच, आणि तो मोठाच होता. त्याखाली साथीदारावरचा अन्याय म्हणून आणखी एक थर होता.

५

शिकागोच्या ब्लूजला विजेची गिटार मिळाली तो क्षण १९४८च्या एप्रिलमधला मानतात. मिसिसिपीच्या मळ्यावरून आलेल्या मडी वॉटर्स यांनी ॲरिस्टोक्रॅट कंपनीसाठी दोन गीते मुद्रित केली. तबकडी विक्रीस आली आणि शिकागोत एका दिवसात संपली, असे सांगतात. त्या मुद्रणात वॉटर्स यांचा कंठ आणि गिटार यांखेरीज एकच वाद्य होते: एर्नेस्ट क्रॉफर्ड यांचा उभा बेस. त्यांना सारे 'बिग' क्रॉफर्ड म्हणत. ब्लूजच्या इतिहासात या तबकडीवर पाने लिहिली गेली आहेत. ती मुख्यतः त्या नव्या गिटारीवर. पण गिटारीला इतके मोकळे हिंडता आले ते खाली क्रॉफर्ड पाय रोवून उभे होते म्हणून.

आता विली डिक्सन. साथीदारांच्या या मालिकेतील हे एकच नाव आज जगप्रसिद्ध आहे, आणि ते तसे का झाले हे पाहणे उद्बोधक आहे. त्यांची आई डेझी बोलता बोलता यमके जुळवीत असे. किशोरवयात त्यांना मिसिसिपीच्या तुरुंगशेतीची शिक्षा भोगावी लागली. थिओ फेल्प्स नावाच्या सुताराने त्यांना सुरांची जुळणी शिकवली आणि भक्तिगीते गाणाऱ्या चौकडीत ते खर्जाचा गळा झाले. म्हणजे बेस आधी त्यांच्या कंठात होता, हातात नंतर आला. शिकागोला येऊन हे धिप्पाड गृहस्थ मुष्टियोद्धे झाले आणि १९३७ साली इलिनॉय राज्याची गोल्डन ग्लव्ह्ज स्पर्धा त्यांनी हेवीवेट गटात जिंकली. तालमीतच त्यांना लेनर्ड कास्टन नावाचा वादक मित्र भेटला. या मित्राने पत्र्याचा डबा आणि एक तार यांपासून त्यांना पहिला बेस करून दिला. मघा मी तुणतुण्याचा उल्लेख केला तो उगीच नव्हे.

दुसरे महायुद्ध आले तेव्हा, जो देश मला माणसाचे हक्क देत नाही त्याच्यासाठी मी लढणार नाही, अशी भूमिका घेऊन डिक्सन यांनी सैन्यात जाण्यास नकार दिला आणि सुमारे दहा महिने तुरुंगवास पत्करला. बाहेर आल्यावर कास्टन यांच्यासह त्यांनी 'बिग थ्री ट्रायो' हा संच काढला. १९५०च्या दशकाच्या आरंभी ते चेस कंपनीत रुजू झाले. तेथे ते बेस वाजवीत, साथीदार जमवीत, चाली बसवीत आणि गीते लिहीत. 'हूची कूची मॅन' हे १९५४चे गीत त्यांनी मडी वॉटर्स यांना क्लबच्या स्वच्छतागृहात, दोन बैठकींच्या मधल्या वेळात शिकवले, असे त्यांनीच सांगून ठेवले आहे. लिटल वॉल्टर यांचे 'माय बेब', हाउलिन वुल्फ यांचे 'स्पूनफुल' आणि 'लिटल रेड रूस्टर' ही त्यांचीच गीते. प्रत्येक गायकाच्या स्वभावाला शोभेल असे शब्द ते बेतून देत. तमाशाच्या फडासाठी लिहिणारे आपले शाहीर नाचणाऱ्या-गाणाऱ्या कलावंतिणीचा गळा आणि नखरा पाहून लावणी बांधीत, त्या जातीचे हे कसब होते. आणि मला वाटते, ते त्यांना साधले याचे कारण ते बेसवादक होते. गाणाऱ्याच्या मागे उभे राहून तो कोठे श्वास घेतो, कोठे शब्द ओढतो, हे ज्याने रात्रीमागून रात्री ऐकले, त्याला त्याच्या तोंडी शोभणारे वाक्य सुचणे साहजिक होते.

१९६२पासून युरोपात भरू लागलेल्या ब्लूज महोत्सवांतून डिक्सन यांनी हे संगीत समुद्रापार नेले. इंग्लंडमधील तरुण मंडळींनी ते उचलले. १९६४च्या अखेरीस रोलिंग स्टोन्स या इंग्रज संचाने गायलेले 'लिटल रेड रूस्टर' ब्रिटनच्या लोकप्रिय गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. १९६९ साली लेड झेपलिन या संचाच्या 'होल लॉटा लव्ह' या गाजलेल्या गीतात डिक्सन यांनी मडी वॉटर्स यांच्यासाठी १९६२ साली लिहिलेल्या 'यू नीड लव्ह' या गीताचे शब्द आले. श्रेय मात्र आले नाही.

येथून पुढचे डिक्सन मला बेसवादक डिक्सन यांच्याइतकेच मोठे वाटतात. चेस कंपनीशी संलग्न असलेल्या आर्क या प्रकाशनसंस्थेकडून मिळणारे स्वामित्वधन तुटपुंजे असल्याने १९७७ साली त्यांनी आणि मडी वॉटर्स यांनी दावा लावला आणि तडजोडीअंती आपली स्वतःची प्रकाशनसंस्था उभी केली. लेड झेपलिनविरुद्ध त्यांनी १९८५ साली दावा केला. तो १९८७ साली तडजोडीने मिटला आणि पुढे त्या गीतावर डिक्सन यांचे नाव लागले. मिळालेल्या धनाचा आणि अनुभवाचा विनियोग त्यांनी 'ब्लूज हेवन' या प्रतिष्ठानासाठी केला. वृद्ध कलावंतांना आपले हक्क परत मिळवून देणे, हा त्याचा एक हेतू होता. २९ जानेवारी १९९२ रोजी ते वारले. पुढच्या वर्षी त्यांच्या पत्नी मेरी यांनी शिकागोच्या साउथ मिशिगन मार्गावरील चेस कंपनीची जुनी वास्तू विकत घेतली आणि ती या प्रतिष्ठानाचे घर झाली. ज्या वास्तूत डिक्सन बैठकीच्या मजुरीवर वाजवीत, तिच्या दारावर आता त्यांचे नाव आहे.

डिक्सन यांचे नाव टिकले, कारण ते गीतकारही होते. गीतकाराचे नाव लिहिण्याची तबकडीवर एक जागा तरी होती. नोलिंग आणि क्रॉफर्ड यांच्यासाठी तशी जागाच नव्हती. गुणांची प्रतवारी पाहून इतिहासाने ही निवड केलेली नाही. कागदाच्या चकतीवर कोणता रकाना छापलेला होता, यावर ती ठरली.

६

उभ्या बेसचा काळ ओसरला, त्याला विजेचे वाद्य कारण झाले. लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवरचा प्रिसिजन बेस बाजारात आणला. तो खांद्याला अडकवता येई, मोटारीत मावे, गोंगाटातही ऐकू येई. शिकागोच्या ब्लूजमध्ये डेव्ह मायर्स यांनी तो लवकर स्वीकारला आणि दहा-पंधरा वर्षांत बहुतेक ठिकाणी लाकडी वाद्य मागे पडले. तरी डिक्सन यांनी ते सोडले नाही. १९६४ साली निघालेल्या मडी वॉटर्स यांच्या 'फोक सिंगर' या तबकडीत विजेचा गाजावाजा बाजूला ठेवलेला आहे आणि डिक्सन यांचा उभा बेस त्यात स्पष्ट ऐकू येतो. ज्यांना या वाद्याची प्रथमच ओळख करून घ्यायची असेल, त्यांनी तेथून आरंभ करावा, अशी माझी शिफारस आहे.

आता आपल्याकडे वळतो. साथीदाराचे नाव जपण्याची परंपरा आपल्यात नाही असे म्हणता येणार नाही. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांची नावे वारकरी परंपरेने जपली आणि अभंग लिहून घेणाऱ्या संताजी जगनाडे यांचे स्मरण आजही होते. एकट्या गळ्यावर कीर्तन उभे राहत नाही, हे त्या परंपरेला ठाऊक होते. पण ध्वनिमुद्रिकेचा बाजार आला आणि आपल्याकडेही चकतीवर एकच नाव छापायची चाल पडली. आपल्या इंदूरचे उस्ताद अमीर खाँ सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे वडील शाहमीर खाँ होळकर दरबारात सारंगी आणि बीन वाजवीत. त्यांचे नाव आज शहरातील किती जण सांगू शकतील?

एक उदाहरण देऊन हे विवेचन आवरतो. १९७७ साली अमेरिकेने 'व्हॉयेजर' नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्यांच्यावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. पृथ्वीवरचे निवडक संगीत तीत साठवलेले आहे. गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांनी गायलेली भैरवी तीत आहे, आणि चक बेरी यांचे १९५८चे 'जॉनी बी. गूड' हे गीतही आहे. त्या गीतातला उभा बेस विली डिक्सन यांचा आहे. केसरबाई आणि डिक्सन एकाच तबकडीत बसून सूर्यमालेच्या पलीकडे निघाले आहेत, ही कल्पना मला फार लोभस वाटते. पण त्या संगीताची अधिकृत यादी पाहिली तर तीत केसरबाईंचे नाव आहे, बेरी यांचे आहे; डिक्सन यांचे नाही आणि केसरबाईंच्या साथीदारांचेही नाही. मानवजातीने आपली ओळख म्हणून जे पत्र पाठवले, त्यातही साथीदारांचा रकाना रिकामा राहिला.

यान परत बोलावून ती यादी दुरुस्त करता येणार नाही. आपल्या हातातले काम मात्र आहे. या शाळेच्या स्नेहसंमेलनांची जुनी छायाचित्रे आपल्यापैकी कित्येकांच्या घरी असतील. मध्यभागी गाणारी मुलगी असेल, तिचे नाव सगळ्यांना आठवत असेल. कडेला तबल्यावर, पेटीवर, झांजांवर जे बसले आहेत, त्यांची नावे छायाचित्राच्या पाठीमागे शिसपेन्सिलीने लिहून ठेवा. ज्यांना आठवतात ते आज या सभागृहात आहेत, पुढच्या वर्षी ते सर्व असतीलच असे नाही. 'अज्ञात' हा शब्द एकदा सूचीत छापला गेला की तो खोडण्यासाठी कोणा संशोधकाचे आयुष्य खर्ची पडते. तो आज आपल्या एका ओळीने टळू शकतो.